मानगूट

टिपणिसांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझी नवीकोरी मोटरसायकल लाथ मारून पाडली तेव्हा. न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या बाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुरणात रविवारी सकाळी आमची मराठी टोळी जमली होती. टोळीत मी सगळ्यात नवी, आणि एकटीच बाई. गाडी शोरूममधून येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. डोंगरातल्या मातीच्या वाटांवर न्यायची म्हणून घेतलेली, उंच, बोजड, अडीचशे किलोंच्या आसपासची गाडी. मी जाकिटाच्या बाहीने तिचा आरसा पुसत होते. तेवढ्यात पिकल्या मिशांचा, बुटका, रुंद खांद्यांचा एक माणूस समोर आला, ‘किया ओरा’ असा इथला माओरी नमस्कार केला, सीटवर बूट टेकवला आणि दिला रेटा. आरसा फुटला, इंडिकेटर तुटून गवतात गेला.

“उचल,” तो म्हणाला.

माझ्या हातात हेल्मेट होतं. ते मी त्याच्या छातीत हाणलं. मी कोथरूडची, पंधरा वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलेली, कुणावर हात न उचललेली बाई. पण हाणलं, आणि चांगलं जोरात हाणलं. तो माणूस दोन पावलं मागे गेला, छाती चोळली आणि खदाखदा हसला.

“हां! आता शिकशील. मघाशी आरसा पुसत होतीस तेव्हा मला काही आशा नव्हती.”

हे मनोहर टिपणीस. मूळचे ठाण्याचे. वडिलांचा अंबरनाथला लेथ मशीनचा छोटा कारखाना होता, आणि हे स्वतः हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ भागात एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर. टोळीतल्या प्रत्येकाची नवी गाडी त्यांनी अशीच पाडली होती. “पहिल्यांदा पडेपर्यंत माणूस गाडीला जपतो,” ते म्हणायचे. “जपणारा माणूस उतारावर घाबरून ब्रेक आवळतो आणि मरतो. म्हणून इथे गवतात पाडायची. दरीत नको.” मग पडलेली गाडी एकट्याने कशी उचलायची ते शिकवायचे. सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. त्या सकाळी मी गाडी उचलली की ते पुन्हा पाडत, असं माझ्या मांड्या थरथरायला लागेपर्यंत चाललं. शेवटी मी रडले. ते शांतपणे कांदा खात उभे होते. कांदा ते सुरीने कापत नसत, ट्रेलरच्या फळीवर ठेवून बुक्कीने फोडत.

मला तो माणूस आवडला नाही, आणि तरी पुढच्या रविवारी मी गेलेच. नवरा म्हणाला, “तुझं डोकं फिरलंय.” फिरलंच होतं.

टिपणिसांचं शिकवणं म्हणजे मारझोडच. वळणावर चुकलात की मागून येऊन हेल्मेटवर अशी टपली मारत की कानात दोन मिनिटं शिट्टी वाजायची. खडीच्या रस्त्यावर कुणी हळू गेलं तर त्याच्या गाडीच्या सामानाच्या डब्यावर लाथ. चिखलात मी घट्ट बसून हँडलला बिलगले की मागून गर्जना यायची, “वैशालीबाई, गाडीला मिठी मारू नकोस! मानगूट धर तिची, मानगूट!” हा त्यांचा आवडता शब्द. गाडी उभ्याने चालवायची, गुडघ्यांत टाकी दाबायची आणि हँडल असं धरायचं की जनावराला कळलं पाहिजे मालक कोण. “तिला दया कळत नाही. तुझी मानगूट ती धरणार, नाहीतर तिची तू. तिसरं काही नसतं.”

हीच मानगूट ते माणसांचीही धरत. नीलेश नावाचा नाशिकचा मुलगा, इथे शिकायला आला आणि आता ट्रक कंपनीत नोकरी करतो. त्याच्या गाडीसमोर एकदा रानबकरा आला. गाडी घसरून कुंपणात, नीलेशला खरचटलं, पण बकऱ्याचं कंबरडं मोडलं. ते जनावर पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत ओरडत होतं. आम्ही सगळी सुशिक्षित माणसं. कुणाला फोन करावा, त्या भागात नेटवर्क असेल का, याची चर्चा करत उभे राहिलो. टिपणीस टायर काढायची लोखंडी पट्टी घेऊन गेले. दोन घाव ऐकू आले. मग ओरडणं थांबलं.

परत येऊन त्यांनी नीलेशची कॉलर धरली आणि त्याला त्या बकऱ्यापर्यंत ओढत नेलं. “बघ. हे तू केलंस. बघून घे आणि पुढच्या वेळी वळणाच्या आत गाडी झुकव.” नीलेशला तिथेच उलटी झाली. टिपणिसांनी ओढ्यावर हात धुतले, खूप वेळ धुतले. सुषमाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, दिलेल्या मटणाच्या डब्याला त्या दिवशी त्यांनी हात लावला नाही. सीकेपी माणसाने मटण परत न्यावं, यावरून काय ते समजा.

घरीही हेच. इथल्या घरांच्या भिंती जिबच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या थोरल्या बहिणी. बुक्की मारली की आरपार भोक. टिपणिसांच्या घरात नको तिथे फ्रेम आणि कॅलेंडरं लावलेली होती, एक तर स्वयंपाकघराच्या दाराशेजारी माझ्या कमरेच्या उंचीवर. मी सुषमाला विचारलं, “इतक्या खाली कॅलेंडर?” ती म्हणाली, “तिथे भोक खाली आहे ना.” चेष्टेत म्हणाली, पण हसली नाही. तिच्यावर त्यांनी कधी हात टाकला नव्हता. पण ते खुर्ची सरकवून उठले की तिचे खांदे वर जायचे. हे मी पाहिलंय, आणि त्याचा मला राग आहे. माणूस कितीही मोठा वाटला तरी बायकोचे खांदे काय सांगतात ते आधी बघावं.

फक्त त्यांची मुलगी गार्गी त्यांना घाबरत नसे. इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. टोळीत सगळ्यात चांगली गाडी तीच चालवायची, बापापेक्षाही. ती पुढे आणि टिपणीस मागे असे चढावर निघाले की आम्ही बाकीचे थांबून बघत असू. टिपणीस ओरडायचे, “गॅस सोडू नकोस गं!” आणि पुढून उत्तर यायचं, “आय नो, बाबा! शट अप!” जगात टिपणिसांना गप्प बस म्हणणारी ती एकटी, आणि ते ऐकताना त्यांच्या मिशा हसायच्या.

ते सगळं एका फाटकापाशी संपलं.

न्यूझीलंडमध्ये पेपर रोड नावाची एक भानगड आहे. नकाशावर सरकारी रस्ता असतो, जायचा हक्क सगळ्यांना, पण प्रत्यक्षात तिथे कुणाचं तरी कुरण. काव्हियाच्या बाजूला अशाच एका वाटेवर फाटकाला कुलूप होतं. टिपणिसांनी नकाशा बाहेर काढेपर्यंत शेतकरी क्वाड बाईकवरून कुत्र्यांसकट आला. उंच, लालबुंद, टिपणिसांइतकाच चिडका. गायी व्यायच्या दिवसांत तुमच्या गाड्यांचा आवाज नको, असं तो म्हणत होता. त्यात तथ्य होतं. पण ते सांगताना त्याने शिव्या दिल्या, आमच्या रंगावर गेला, आणि हात घालून गार्गीच्या गाडीची किल्ली काढून घेतली.

टिपणिसांच्या हातमोज्यांना बोटांच्या गाठींवर कडक कवच असे. पहिल्या ठोशाला त्याचा ओठ फाटला. दुसऱ्याला तो खाली बसला. तिथे थांबले असते तरी आम्ही कदाचित त्यांची बाजू घेतली असती. ते थांबले नाहीत. खाली पडलेल्या माणसावर गुडघा रोवून ते मारत राहिले, आणि तो आवाज, ओल्या कणकेवर थापटी मारावी तसा, अजून माझ्या कानांत आहे. कुत्री भुंकत होती. नीलेशने ओढलं तर तो फेकला गेला. गार्गीने हेल्मेट काढलं आणि पुढे होऊन बापाचा खांदा धरला. “बाबा, स्टॉप! बाबा!”

ते वळले. वळून तिच्याकडे पाहिलं. आणि उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारली.

ती तारेच्या कुंपणावर जाऊन पडली. नाकातून रक्ताची धार लागली. टिपणीस एकदम विझले. “लागलं? गार्गी, चुकून लागला गं. मला दिसलं नाही. चुकून…”

गार्गीने बाहीने नाक दाबलं. पहिल्यांदाच मी तिला बापाशी मराठीत बोलताना ऐकलं. “चुकून नाही, बाबा. तुम्ही बघितलंत. मग मारलंत.”

शेतकऱ्याच्या मुठीतून किल्ली काढून घेऊन ती एकटी निघून गेली. गाडी घरी लावली, बॅग भरली आणि ऑकलंडला गेली. हेन्डरसनला एका जनावरांच्या दवाखान्यात तिला नर्सचं काम मिळालं. ती परत आली नाही.

पोलीस झाले, कोर्ट झालं. टिपणिसांना दर बुधवारी राग आवरण्याच्या वर्गाला बसवलं. “गोल करून बसतात आणि श्वास घेतात,” ते सांगायचे. “मी जन्मापासून तेच करतोय.” पण जात राहिले, एकही बुधवार चुकवला नाही. आम्ही त्यांच्याबरोबर पुन्हा जायचं की नाही यावर टोळीत भांडण झालं. दोघं कायमचे सोडून गेले, आणि बरोबरच केलं त्यांनी. मी राहिले. का राहिले, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गार्गीची गाडी गॅरेजमध्ये होती. दर रविवारी टिपणीस ती चालू करत, इंजिन तापेपर्यंत शेजारी उभे राहत आणि बंद करत. नीलेशने एकदा विचारलं, “काका, पडूनच आहे, विकायची का?” त्याच्या डोक्यावरून पाना गेला आणि भिंतीत रुतला. तिथे पुढे एक कॅलेंडर आलं.

सुषमा अधूनमधून शनिवारी ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमला वाणसामानाला जायची. ज्वारीचं पीठ हॅमिल्टनमध्येही मिळतं, पण सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात गार्गी भेटायची. गाडी चालवायला टिपणीसच. मी एकदा तिथे होते. मायलेकी दुकानात बसलेल्या, आणि पलीकडच्या गल्लीत टिपणीस गाडीत, काच वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी काच वाजवली तर म्हणाले, “जा तू. मी इथे नाहीये.” त्यांना काय हवं होतं ते साऱ्या टोळीला ठाऊक होतं. लेकीने पुन्हा एकदा पुढे गाडी घालावी आणि मागे वळून ‘शट अप’ म्हणावं, एवढंच.

असे दोन दसरे गेले. तिसऱ्याला गार्गी येते म्हणाली. सुषमाने तिला कसं वळवलं देव जाणे. तिची अट एकच होती, आणि ती मला सुषमानेच फोनवर सांगितली. “एकदा जरी ओरडले, तरी ती निघून जाणार. पुन्हा कधी येणार नाही म्हणाली.”

आमची दसऱ्याची पूजा घरी नसे. गाड्या ट्रेलरवर चढवून डोंगराच्या पायथ्याशी न्यायच्या, तिथे गवतावर ओळीने लावायच्या, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, आणि टिपणीस प्रत्येक टाकीवर तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढणार. तेलातलं, कारण कोरडं कुंकू वाऱ्याने उडतं. अंबरनाथच्या कारखान्यात वडील लेथला तसंच लावायचे. मग सुषमाची श्रीखंडपुरी आणि मग चढाई. पूजा झाली की टिपणीस एकेक गाडी हलवून बघत, ब्रेक दाबत, साखळी ओढत, आणि प्रत्येकाचा उद्धार करत.

त्या सकाळी ते बोललेच नाहीत. गार्गी तिच्या फ्लॅटमेटच्या मोटारीतून उतरली, “हाय, बाबा” म्हणाली. त्यांनी मान हलवली, तिच्या गाडीची किल्ली तिच्या हातात दिली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. जबडा असा आवळलेला की दात मोडतील. सगळ्यांच्या गाड्या तपासल्या, तिच्या गाडीला हात लावला नाही. तिथे गेले असते तर काहीतरी चुकीचं दिसलं असतं, आणि चुकीचं दिसल्यावर ओरडू नये हे त्यांच्या हातात नव्हतं. तिच्या गाडीची पूजा सुषमाने केली. “माझ्या लेकीची गाडी आज मी पुजणार,” म्हणत ती वाटी घेऊन पुढच्या चाकाशी बसली. टाकीवर बॅग बांधलेली होती. गार्गी शेजारी बुटांचे पट्टे आवळत होती. आई केवढी खूश होती.

चढ छान झाला. रात्रीच्या पावसाने पिवळी माती साबणासारखी झालेली, पण चढावर पुढच्या ब्रेकचं काम नसतं. गार्गी वर सगळ्यांत आधी पोहोचली. पलीकडे उतार होता, आणि खाली घोड्याच्या नालासारखं वळण. वळणापलीकडे कठडा नाही, सरळ घळ, तळाशी ओढा. टिपणीस नेहमीप्रमाणे आधी उतरून वळणाच्या बाहेरच्या अंगाला थांबले, इंजिन चालू ठेवून. मी त्यांच्यामागून उतरून आतल्या बाजूला उभी राहिले. मग वरून गार्गी निघाली.

दहा-बारा मीटरमध्येच काहीतरी बिनसलं. तिचं मागचं चाक अडकून आडवं घसरत होतं, पुढचं मात्र थांबायला तयार नव्हतं. तिची बोटं पुढच्या ब्रेकवर आवळलेली मला दिसत होती. गाडीचा वेग वाढला. “नो ब्रेक्स!” ती किंचाळली. “बाबा! ब्रेक नाही!”

टिपणिसांनी क्लच सोडला आणि स्वतःची गाडी तिच्या वाटेत आडवी घातली.

तो आवाज मला लिहिता येणार नाही. प्लास्टिक, लोखंड आणि मध्ये माणूस. त्यांची गाडी घळीत गेली आणि आदळत, उलटत ओढ्यापर्यंत गेली. गार्गीची कडेवर लोळली, टिपणिसांच्या मांडीवर. गार्गी हवेतून कडेपार चाललेली, आणि टिपणिसांनी पडल्या पडल्या हात उंच करून तिच्या जाकिटाची मानगूट धरली. तिला मातीत दाबून धरली. इतकी जोरात की तिच्या गळ्यावर पुढे कित्येक दिवस काळानिळा वळ होता.

मी धावले. गार्गी उठली, गाडीच्या सीटला पाठ लावून खाली बसली आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत गेली. गाडी वर यायला लागली तसे टिपणीस गुरासारखे ओरडले. मांडीचं हाड जीन्स फाडून बाहेर आलं होतं. पण त्याआधी, गाडी अंगावर असताना, पुढचं चाक त्यांच्या तोंडाशी होतं, आणि ते त्या चाकाकडे टक लावून बघत असलेले मी पाहिलं होतं. ब्रेकच्या चकचकीत चकतीवर लाल तेल फासलं गेलं होतं, त्यावरून ब्रेक नुसता निसटत होता, आणि आतल्या कडेला बोटं अजून ओळखू येत होती. पाच बोटं, मायेने ओढलेली. चिखलाने माखणाऱ्या त्या गाडीवर कपाळासारखी स्वच्छ जागा तीच होती.

खाली सुषमा श्रीखंडाचे डबे घेऊन बसली होती. या माणसाने आता तोंड उघडलं की ती बाई उरलं आयुष्य काय करणार?

गार्गी पाठमोरी होती तेवढ्यात टिपणिसांनी मूठभर चिखल घेतला आणि चकतीवर चोळला. एकदा, दोनदा. मग डोकं मागे टाकलं.

गार्गीने गाडी स्टँडला लावली आणि त्यांच्याशी गुडघे टेकले. “फ्रंट ब्रेकला काय झालं होतं?”

“माझा हात,” टिपणीस दातांतून म्हणाले. “काल चेनला तेल घालत होतो. तोच हात लागला चकतीला. चुकून.”

“चुकून?”

“चुकून.”

गार्गीने चाकाकडे पाहिलं. चकतीला बारीक भोकं असतात. त्या भोकांत कुंकू तसंच लाल उरलं होतं. आई सकाळी त्या चाकाशी बसली होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने बोटावर माती घेतली आणि एकेक भोक बुजवलं.

“ओके, बाबा,” ती म्हणाली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन हेलिकॉप्टर येईपर्यंत बसून राहिली. टिपणीस मध्येच शुद्धीवर येऊन ओरडायचे, तिला शिव्या द्यायचे, पाय हलवू नकोस म्हणून. ती म्हणायची, “शट अप.”

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही क्राइस्टचर्चला आलो. तो दसरा हे माझं टिपणिसांचं शेवटचं दर्शन. मांडीत सळई, हातात काठी, डावा पाय आखूड. सुषमा कुंकवाची वाटी घेऊन गार्गीच्या गाडीकडे निघाली आणि पुन्हा चाकाशी वाकली. टिपणिसांनी तिचं मनगट पकडलं. तिचे खांदे वर गेले.

“टाकीवर लाव, सुषमा,” ते इतक्या हळू म्हणाले की तिलाच खोटं वाटलं. “चाकावर कुंकू टिकत नाही.”

मग ते लंगडत ओळीच्या टोकाला गेले. तिथे नीलेशचा एक मित्र नव्या गाडीचा आरसा पुसत उभा होता. टिपणीस ‘किया ओरा’ म्हणाले, सीटला खांदा लावला आणि दिला रेटा. गाडी पडली. काठी निसटली. गाडीवर टिपणीसही पडले, आणि तिथूनच गरजले, “उचल!”

तो बिचारा कुणाला उचलावं या विचारात उभा राहिला. गार्गी धावत आली, तिने वाकून बापाची मानगूट धरली आणि त्यांना उभं केलं.